हलकी गाडी म्हणजे हिरवी गाडी? भंगाराच्या गोदामापासून केळीच्या खोडापर्यंत

वाघूरकाठ (धागाकर्ता)

चुलतभावाला गाडी घ्यायची आहे. शोरूममधल्या पोराने त्याला पटवलंय की वरच्या मॉडेलचं बॉनेट आणि दारं ॲल्युमिनियमची, म्हणून गाडी हलकी, म्हणून पेट्रोल कमी, म्हणून पर्यावरणाला चांगली. भावाने ही 'म्हणून'ची माळ जशीच्या तशी माझ्या गळ्यात घातली आणि वर म्हणाला, "तू चाकणला गाड्यांच्याच धंद्यात आहेस ना, सांग मग खरं काय ते." फोनवर सांगण्यासारखं हे प्रकरण नाही. या कट्ट्यावर गॅरेजवाले, शेतकरी, प्राध्यापक सगळेच आहेत, म्हणून इथेच मांडतो.

वजन कमी झालं की रस्त्यावर इंधन वाचतं, यात वाद नाही. वाद आहे तो गाडी रस्त्यावर येण्याआधीच्या धुराचा. झोतभट्टीतून आलेल्या एक किलो पोलादामागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. खाणीतल्या बॉक्साइटपासून बनवलेल्या एक किलो ॲल्युमिनियमचा जगभरचा सरासरी आकडा पंधरा-सोळा किलो. वीज कोळशाची असेल तर वीसच्या घरात, धरणावरची असेल तर चार-पाच. आणि तेच ॲल्युमिनियम भंगार वितळवून केलं तर एक किलोच्या आसपास, कारण त्याला मूळच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. म्हणजे धातू एकच, पण एकापासून वीसपर्यंत कुठलाही आकडा लागू शकतो.

आता हिशोब. १०० किलो पोलादाचे भाग काढून त्या जागी ६० किलो ॲल्युमिनियम बसवलं. पोलादाचे २३० किलो गेले, ॲल्युमिनियमचे ६० गुणिले १६ म्हणजे ९६० आले. गाडी कारखान्यातून निघतानाच ७३० किलोचं कर्ज डोक्यावर.

हे कर्ज फिटणार ४० किलो वजन वाचलं त्यातून. १०० किलोमागे १०० किलोमीटरला ०.१५ ते ०.३५ लिटर पेट्रोल वाचतं असं धरतात. इंजिन तेच ठेवलं तर खालचा आकडा. गाडी हलकी झाली म्हणून इंजिन-गिअरही त्या मापाने लहान केले तर वरचा. म्हणजे ४० किलोला १०,००० किलोमीटरमागे ६ ते १४ लिटर. पेट्रोल काढणं, शुद्ध करणं, जाळणं सगळं धरून लिटरला २.८ किलो लावलं तर १७ ते ३९ किलो. ७३० फेडायला चांगल्या बाजूने १ लाख ८७ हजार किलोमीटर, वाईट बाजूने ४ लाख ३५ हजार.

भावाची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते. पारोळ्याला सासुरवाडी आणि एखादं शिर्डी. म्हणजे कर्ज फिटायला अठरा-एकोणीस वर्षं, नाहीतर त्रेचाळीस!

यात कुठे कमी-जास्त वाटत असेल तर सांगा.

पत्राकाम_धुळे

दादा, आकड्यांचं तुम्ही बघा. मी पत्र्याचं सांगतो.

जुन्या गाडीच्या सौद्याला जाताना माझ्या खिशात लोहचुंबक असतं. बॉडीवर फिरवलं आणि जिथे पकड सैल झाली तिथे लांबी (पुट्टी) भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. हल्ली काही गाड्यांच्या बॉनेटवर चुंबक ठेवलं की सरळ खाली पडतं. गिऱ्हाईक घाबरतं, "अख्खं बॉनेट लांबीचं आहे का?" लांबी नाही भो, ॲल्युमिनियम आहे.

या पत्र्याला पोचा आला की पोलादासारखा ठोकून मागे येत नाही. लोखंडाचा पत्रा ठोकत-ठोकत जागेवर आणता येतो. हा जास्त ताणला की तडकतो, नीट तापवून सरळ करावा लागतो, आणि तापवताना रंग बदलत नाही म्हणून जास्त तापला हे कळतही नाही. लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडर यावर चालवायचा नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथूनच खाज सुटल्यासारखा पत्रा फुगतो. हत्यारं वेगळी, जागा वेगळी. एवढं आमच्या आग्रा रोडवर कोण ठेवणार? म्हणून सगळे सांगतात, पार्ट बदला. दार बदललं म्हणजे तुमच्या त्या कर्जात अजून एका दाराचं कर्ज.

दुरुस्ती तुमच्या हिशोबात कुठे बसते?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

बसायला हवी, पण बहुतेक अभ्यासांत वापर म्हणजे फक्त इंधन, फार तर टायर आणि ऑइल. ठोकाठोकी जवळपास कुणी धरत नाही. आपल्याकडे तर एक दार दोनदा ठोकलं जातं. मुद्दा नोंदवून ठेवतो.

नेरचे_नाना

भाऊ, तुन्ही गोट खरी शे, पन हिशोब कोयसाना लाव. कार्बन-बिर्बन कोनले दिसत नही.

मी दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एक किलो ॲल्युमिनियम काढायला नुसत्या विजेचे तेरा-चौदा युनिट लागतात. आपल्याकडच्या कोळशाला युनिटमागे साधारण पाऊण किलो धरा. म्हणजे एक किलो धातूला दहा किलो कोळसा. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने तासभर चालला तर पाच लाख युनिट होतात. त्यात ३५ टन ॲल्युमिनियम निघेल, आणि साडेतीनशे-पावणेचारशे टन कोळसा जळेल. बाकी राख. राखेचं फेकरी-निंभोऱ्याकडच्या लोकांना विचारा.

दीपनगरची वीज ॲल्युमिनियमला जात नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर कुणी उद्या फिरवेल. ते कारखाने स्वतःची कोळशाची केंद्रं घेऊनच बसलेत, ओडिशात, छत्तीसगडला कोरब्याला, यूपीत रेणुकूटला. त्यांना चोवीस तास एकसारखी वीज लागते. धातू काढायच्या भांड्यातला रस थिजला तर भांडं गेलं. म्हणून सौरऊर्जेवर चालवतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, रात्री काय करतोस?

अनुराधा_जळगाव

नाना, कोळशाचा हिशोब अगदी पोचला. मी इथे अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थशास्त्र शिकवते. वाघूरकाठ यांच्या मांडणीवर दोन आक्षेप आहेत, राग मानू नका.

पहिला मोठा. तुम्ही गाडी रस्त्यावर आणली, पळवली आणि तिथेच सोडून दिलीत. वीस वर्षांनी त्या ६० किलो ॲल्युमिनियमचं काय झालं? ते वितळवून पुन्हा वापरलं तर कुणीतरी तेवढं नवं ॲल्युमिनियम बनवायचं टळलं. त्या टळलेल्या धुराचं श्रेय कुणाला? याच प्रश्नावर जीवनचक्र मूल्यमापन (वस्तू बनण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशोब) करणाऱ्यांत वर्षानुवर्षं भांडण आहे. एक पंथ म्हणतो, ज्याने भंगार वापरलं त्याला श्रेय, पहिल्या गाडीने आपला सगळा धूर आपल्याच अंगावर घ्यायचा. दुसरा म्हणतो, ज्याने शेवटी धातू परत दिला त्याला श्रेय, म्हणजे पहिल्या गाडीच्या कर्जातून आजच मोठा आकडा वजा करायचा. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही या मूल्यमापनाची प्रमाणकं. त्यांत दोन्हींना वाव आहे, फक्त काय केलं ते उघड सांगा म्हणतात. त्यामुळे त्याच दाराच्या हिशोबात एका पद्धतीने पोलाद जिंकतं आणि दुसरीने ॲल्युमिनियम. अहवाल वाचताना आधी पैसे कुणी दिले ते बघावं आणि मग श्रेय कुणाला दिलंय ते. दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा एकाच घरची निघतात.

मी पहिल्या पंथाची. वीस वर्षांनी वाचणारा धूर आजच्या खात्यात जमा करायचा आणि आज निघालेला धूर हवेत तसाच, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप. सगळी चर्चा एकट्या कार्बन डायऑक्साइडवर चालली आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कार्बनचा ॲनोड (वीज आत सोडणारा ठोकळा) झिजतो तो वेगळा, आणि अल्युमिना (बॉक्साइटमधून काढलेली भुकटी, जिच्यापासून धातू करतात) कमी पडलं की टेट्राफ्लोरोमिथेन नावाचा वायू निघतो. त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सात हजार पट. त्याआधी बॉक्साइटमधून अल्युमिना काढताना लाल चिखल उरतो, एक टन ॲल्युमिनियममागे दोन ते तीन टन, कॉस्टिक सोड्याने भरलेला. २०१० साली हंगेरीत आयका इथे त्या चिखलाचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली. २०१९ मध्ये आपल्याकडे झारखंडात मुरीलाही लाल चिखलाचा ढिगारा ढासळला. कार्बनच्या कोष्टकात यातलं काही दिसत नाही.

धडगावकर

ताई, त्यात अजून एक घाला.

वर लिहिलंय की धरणाच्या विजेवर केलेलं ॲल्युमिनियम फक्त चार-पाच किलोचं. कागदावर स्वच्छ. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली, त्यात पहिलं मणिबेली. त्या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ती वीज कोष्टकात शून्याच्या जवळ धरतात. आमच्या लोकांची नर्मदाकाठची शेती, कुरण, मासे कुठल्या रकान्यात आहेत ते दाखवा.

आणि बॉक्साइट म्हणाल तर ओडिशात नियमगिरीला २०१३ साली बारा ग्रामसभांनी खाण नको म्हणून ठराव केले, बाराच्या बारा. ते डोंगरिया कोंध, आम्ही पावरा-भिल्ल. डोंगर कुणाचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

अनुराधा_जळगाव

रकाना नाही, हेच खरं उत्तर. 'सामाजिक जीवनचक्र मूल्यमापन' म्हणून वेगळी शाखा आहे, पण गाडीच्या जाहिरातीपर्यंत ती कधी पोचत नाही.

एरंडोलचा_एक

म्हणजे थोडक्यात अल्टो घ्यावी?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

हसण्यावारी नेऊ नका, उत्तर जवळपास तेच आहे. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोची होती, अख्खी साध्या पोलादाची. आजची मोठी एसयूव्ही पावणेदोन-दोन टनांची, आणि तिच्यातून ॲल्युमिनियम लावून शंभर किलो कमी केल्याची जाहिरात. आधी टनभर चढवायचं, मग शंभर किलो उतरवल्याचा सत्कार! टायरचा आणि ब्रेकचा झिजून उडणारा भुगाही वजनाबरोबर वाढतो, तो इंजिन विजेचं केलं तरी जात नाही.

अनुराधाताईंच्या पहिल्या आक्षेपाबद्दल. शेवटचं श्रेय वजा केलं तर माझे आकडे निम्म्याच्याही खाली येतील, मान्य. पण तो धातू खरंच गाडीच्याच दर्जाचा परत मिळतो का? भुसावळचे मित्र भंगारात आहेत, त्यांनी लिहावं.

मध्येच एक सांगायचं राहिलं. उच्चताण पोलाद, म्हणजे तेच पोलाद पण मिश्रण आणि थंड करण्याची रीत बदलून दुप्पट-तिप्पट मजबूत केलेलं. पत्रा पातळ लावला तरी चालतो. किलोमागचा धूर साध्या पोलादाइतकाच किंवा किंचित जास्त. १०० किलोच्या जागी ७५ किलो लागलं आणि किलोला २.४ धरलं तरी १८० होतात, मूळच्या २३० पेक्षा कमी. कर्जच नाही, पहिल्या किलोमीटरपासून नफा. वजन ॲल्युमिनियमइतकं घटत नाही हे खरं. पण भावाच्या गाडीत दाराच्या आतला दांडा, बी-पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) असल्या ठिकाणी हेच असणार, आणि शोरूममध्ये त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चमकत नाही ना ते!

भंगार_भुसावळ

बोलावलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे तीन पिढ्या हाच धंदा.

गाडी आली की आधी बॅटरी, मग तेलं, मग टायर. मग सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट, त्याचे पैसे सगळ्यात आधी विचारतात. इंजिन उतरवलं की ब्लॉक बघायचा: बिडाचा का ॲल्युमिनियमचा. बीड वेगळं, कास्टिंग वेगळं. अलॉय व्हील स्वच्छ माल, त्याचा ढीग अलग आणि भाव अलग. रेडिएटर, एसीची जाळी अलग. वायरिंगचं तांबं पोरं हाताने ओढून काढतात, कारण तांबं लोखंडात गेलं तर भट्टीवाला माल परत पाठवतो. बंपर प्लास्टिकवाल्याला, तो पॉलिप्रॉपिलीनचा. जळगावच्या चटया त्याच कुळातल्या, म्हणून त्याला गिऱ्हाईक इथेच.

आता ॲल्युमिनियमच्या दाराचं. त्याची बाहेरची कातडी एका जातीची, आतली चौकट दुसऱ्या जातीची, मध्ये पोलादाचा दांडा, आणि हे सगळं रिव्हेट ठोकून वर डिंकासारख्या चिकटद्रव्याने जोडलेलं. रिव्हेटसुद्धा पोलादाचे. ते एकेक करून कोण काढणार? मजुरी मालापेक्षा जास्त. सगळं कापून 'पत्रा' म्हणून एका ढिगात. भट्टीत ते वितळतं तेव्हा लोखंड, सिलिकॉन, तांबं सगळं त्यात मुरतं. ॲल्युमिनियममधून लोखंड परत बाहेर काढता येत नाही. मग त्याचं काय करतात? इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे ओतीव भाग. दार परत दार होत नाही, आमच्या हातून तरी नाही.

अनुराधा_जळगाव

भाऊ, माझ्या वर्गात तुम्हाला व्याख्यानाला बोलवावं असं वाटतंय, खरंच.

तुम्ही सांगितलेला प्रवास म्हणजे पत्र्याच्या मिश्रधातूची ओतीव मिश्रधातूत उतरण. आजवर ती खपली, कारण पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांना ओतीव ॲल्युमिनियम भरपूर लागतं. विजेच्या गाडीत इंजिन ब्लॉकच नाही. मोटर आणि बॅटरीच्या पेटाऱ्यात थोडं जातं, पण मिसळलेलं भंगार इतकं वाढत गेलं की ते मुरवायला जागा कमी पडणार.

कारखान्यातल्या कतरणीची गोष्ट मात्र वेगळी. दार कापताना उरलेला पत्रा जातवार वेगळा ठेवून थेट पत्रा गिरणीत परत पाठवता येतो. जग्वार लँड रोव्हरने नोव्हेलिसबरोबर तेच केलं. मजा म्हणजे गाडीवाली कंपनी टाटांची, आणि नोव्हेलिस २००७ पासून हिंदाल्कोची. म्हणजे दोन भारतीय घरांनी ते विलायतेत करून दाखवलं, आणि इथे आपण रिव्हेट मोजतोय.

साक्रीचा_वारा

तुम्ही धातूंतच अडकलात. सगळ्यात हलकं म्हणजे कार्बन फायबर, त्याबद्दल कुणी बोलेना.

मी ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. आमची पाती काचेच्या धाग्याची आणि इपॉक्सीची. हलकी, मजबूत, वीस-पंचवीस वर्षं उन्हापावसात टिकतात. पण पातं उतरवलं की त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. इपॉक्सी एकदा घट्ट झालं की वितळत नाही. कापायला गेलं की अंगभर काचेची कुसळं. भुगा करून सिमेंटच्या भट्टीत जाळतात, तिथे काच सिमेंटमध्ये जाते आणि राळ इंधन म्हणून. नाहीतर खड्डा.

वाघूरकाठ (धागाकर्ता)

कार्बन फायबर तुमच्या पात्यांचाच श्रीमंत भाऊ. पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा धागा हजार अंशांच्या वर, हवा न लागू देता तापवायचा. निम्म्याच्या आसपास वस्तुमान वायू होऊन उडून जातं आणि उरतो तो कार्बन. किलोमागे वीस-तीस किलो धूर सहज. बीएमडब्ल्यूने २०१३ पासून आय-थ्री या विजेच्या गाडीची केबिन त्याची केली. पण धागा भाजण्याचा कारखाना मुद्दाम अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, मोझेस लेकला टाकला, कारण तिथे धरणाची स्वस्त वीज. कच्चा धागा जपानमधून यायचा, भाजायचा अमेरिकेत, गाडी बनायची जर्मनीत. २०२२ ला ती गाडी बंद झाली. जुना माल उष्णतेने सोडवून धागा परत मिळतो, पण आखूड.

मॅग्नेशियम अजून एक. ॲल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने हलकं, स्टिअरिंगच्या चौकटीत वगैरे जातं. जगातलं बहुतेक चीनमध्ये बनतं, डोलोमाइट आणि फेरोसिलिकॉन नळकांड्यात तापवून, इंधन मुख्यतः कोळसा. त्याचाही आकडा विसाच्या वर. वितळलेला धातू पेटू नये म्हणून वर सल्फर हेक्साफ्लोराइड सोडत असत. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त तापदायक. नानांच्या स्विचयार्डातल्या ब्रेकरमध्ये असतो तोच. आता पर्याय आलेत.

नेरचे_नाना

एसएफ-सिक्स. गळती शोधायला आम्ही रात्र-रात्र जागलोय. इतला महाग वायू धातूवर फवारत व्हतात का? धन्य.

एरंडोलचा_एक

मी विजेची गाडी घेतली तर? मग हा सगळा हिशोब रद्द ना?

अनुराधा_जळगाव

रद्द नाही, आकडा बदलतो. विजेच्या गाडीत १०० किलो वाचले तर १०० किलोमीटरला अर्ध्या युनिटच्या आसपास वाचतं. ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत बॅटरीत जाते, म्हणून वजनाची शिक्षा तिथे कमी. वाघूरकाठांचे तेच ४० किलो धरले तर १०,००० किलोमीटरला २० युनिट. आपल्या ग्रिडला युनिटमागे सुमारे ०.७ किलो लावला तर १४ किलो. पेट्रोलच्या वाईट बाजूपेक्षाही कमी. म्हणजे कर्ज फिटायला अजून वेळ.

फायदा असतो तो दुसरीकडे. गाडी हलकी म्हणून तेवढ्याच पल्ल्याला बॅटरी लहान चालते, आणि बॅटरी बनवण्याचा धूर वाचतो. कंपनीने बॅटरी तेवढीच ठेवून पल्ला वाढवल्याची जाहिरात केली तर तो फायदाही गेला. आणि मे महिन्यात आपल्या पंचेचाळीस अंशांत एसी जे खातो त्यापुढे दाराचे चार किलो काय लागतात!

पत्राकाम_धुळे

मग हलकं करून फायदा कुणाचाच नाही का?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

आहे की. जो खूप पळतो त्याचा. चोपडा-अमळनेरकडच्या काळीपिवळ्या बघा, तीन-चार लाख किलोमीटर सहज मारतात. रावेरहून केळी घेऊन दिल्लीला जाणारा ट्रक त्याहून कितीतरी जास्त. मालट्रकची बॉडी टनभर हलकी झाली तर तेवढा माल जास्त चढतो, फेऱ्याच कमी लागतात. दुधाचा, पेट्रोलचा टँकर ॲल्युमिनियमचा करणं कार्बनच्या हिशोबातही बसतं. उलटं होतंय ते असं की महागडा हलका धातू आधी जातो घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीला, आणि ट्रकला अजूनही लोखंडी फाळके.

सावद्याचा_केळीवाला

ट्रकमधली केळी आमचीच, म्हणून बोलतो.

मागे कुणीतरी सांगितलेलं की केळीच्या खोडाच्या धाग्याचे गाडीचे भाग होतात. आमच्याकडे बाग कापली की खोडांचा खच पडतो. काही जण बांधावर टाकतात, काही रोटाव्हेटर मारून जमिनीत घालतात. धाग्याचं यंत्र एकाने आणलेलं, आता गोठ्यात पडून आहे. गाडीचं खरं आहे का, का हीपण अफवा?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

खरं आहे. केळीची सख्खी बहीण अबाका, फिलिपिन्सची. तिच्या धाग्याचं स्टेपनीच्या खड्ड्याचं आवरण मर्सिडीझच्या ए-क्लासला २००४-०५ च्या सुमारास बसवलेलं, काचेच्या धाग्याच्या जागी. युरोपात दाराच्या आतल्या पॅनलमध्ये अळशी, अंबाडीच्या जातीचे धागे कितीतरी वर्षं जातात. काचेच्या धाग्याची घनता अडीचच्या वर, या धाग्यांची दीडच्या आत. काच वितळवायला भट्टी लागते, खोड उन्हात वाढतं. पॉलिप्रॉपिलीनबरोबर दाबून पॅनल केलं तर शेवटी पुन्हा वितळवताही येतं, साक्रीच्या पात्यांसारखं होत नाही. तरी दोन-चार वेळा वितळवलं की धागा तुटत जातो.

अनुराधा_जळगाव

यात शेतीचं खातंही उघडावं लागतं. अळशी किंवा ताग मुद्दाम पेरला तर त्याचं खत, पाणी, नत्र वाहून नदीत जाणं, सगळं त्या पॅनलच्या नावावर लागतं. कार्बन कमी आणि पाण्याचं प्रदूषण जास्त, असे निकाल येतात. केळीत खत-पाणी घडासाठी दिलेलं असतं, खोड उरलेलं. म्हणून बहुतेक भार फळाकडे जातो आणि धागा जवळजवळ मोकळा सुटतो. हीपण हिशोबाची निवडच. धाग्याला चांगला भाव आला की तोही आपला वाटा उचलायला लागेल.

सावद्याचा_केळीवाला

ताई, मोकळा कसा सुटेल? खोडात पालाश भरपूर असतं. ते जमिनीत गाडलं तर पुढच्या लागणीला पोटॅश कमी घालावं लागतं. खोड विकलं की पोटॅशची गोणी विकत. आणि पोटॅश आपल्या देशात पिकत नाही, जहाजाने येतं. ते धरा की.

शिवाय खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. ताज्या खोडाच्या वजनात धागा निघतो एक-दीड टक्का. यावलहून कारखान्यापर्यंत खोडं नेली तर आपण पाणीच वाहून नेणार. धागा शेतावरच काढला तर बरं, पण मग यंत्राला वीज, आणि वीज रात्रीची. ते गोठ्यातलं यंत्र आणणारा माणूस त्यातच बसला.

अनुराधा_जळगाव

पालाशचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर. तो भार धाग्याच्या खात्यावर पडतो. पण धागा काढताना उरणारा गर आणि पाणी, बहुतेक पालाश त्यातच राहतं. ते शेतातच परत सोडलं तर तोटा बराच कमी होईल. म्हणजे यंत्र शेताजवळ हवं, दोन्ही कारणांसाठी.

आमच्या प्रयोगशाळेत ताणाचं यंत्र आहे. दाराच्या पॅनलला खरा अडथळा ताकदीचा नाही, ओलाव्याचा. हा धागा पावसाळ्यात पाणी ओढतो, फुगतो, आणि बंद गाडीत वास मारतो. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना प्रकल्पाला विषय हवाय. दोन-तीन किलो धागा मिळेल का? वाळवलेला हवा, पण विंचरलेला नसला तरी चालेल.

सावद्याचा_केळीवाला

पुढच्या महिन्यात कांदेबाग केळीची कटाई आहे. गोठ्यातलं यंत्र चालू होतंय का बघतो, नाहीतर हाताने खरवडून देऊ. श्रीमंतीची खोडं चालतील ना? दुसरी जात आमच्याकडे नाही. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

भंगार_भुसावळ

यंत्राची पाती झिजली असतील. घेऊन या, माझ्याकडे स्टेनलेसची पट्टी पडलेली आहे.